खिशातला पाटकरी

सोमवारची सकाळ. मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलेलं एक कुटुंब जळगाव स्टेशनबाहेर उभं आहे. आजी, आईबाबा, दोन मुलं आणि तीन बॅगा. बाबा काळी-पिवळीवाल्याला विचारतात, ‘अजिंठ्याचे किती घेणार?’ तो एकदा बॅगांकडे बघतो, एकदा आजींकडे, आणि म्हणतो, ‘आज बंद शे ना भाऊ.’

अजिंठ्याची लेणी दर सोमवारी बंद असतात. ही माहिती बाबांच्या फोनवर होतीच. पण त्यांनी फोटो पाहिले, तारे मोजले, हॉटेल ठरवलं. वार पाहायचा राहून गेला. आता हातात अख्खा दिवस आहे. तासाभराच्या अंतरावर पद्मालयाचं गणेशमंदिर आणि त्याचं कमळांचं तळं आहे. भुसावळच्या पुढे तापी आणि पूर्णा जिथे भेटतात तिथे चांगदेवाचं जुनं दगडी मंदिर आहे. बहिणाबाई चौधरींचं माहेर असलेलं आसोदा तर शहराला लागूनच. यातलं काहीही या कुटुंबाच्या कानावर पडत नाही. ते लॉजवर जाऊन टीव्ही लावतात, नाहीतर सरळ वेरूळकडे गाडी काढतात.

मंगळवारी वेरूळ बंद असतं. म्हणजे सोमवारी अडकलेले, मंगळवारी ठरवून आलेले आणि वेरूळ बंद म्हणून छत्रपती संभाजीनगरहून इकडे वळलेले, असे तिन्ही लोंढे मंगळवारी अजिंठ्याला एकत्र येणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. खिशात जगाची माहिती देणारं यंत्र असताना माणसं एकाच दारात का दाटतात? आणि तेच यंत्र वापरून त्यांना जळगाव-धुळ्याच्या दोन जिल्ह्यांत पांगवता येईल का? दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्या यंत्राच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाहीत.

ढाब्यापुढचे ट्रक

महामार्गावर दोन ढाबे शेजारी शेजारी आहेत. शेवभाजी दोन्हीकडे सारखीच झणझणीत. पहिला ट्रकवाला सहज डावीकडे थांबला. मागून आलेल्याने विचार केला, तिथे गाडी उभी आहे म्हणजे जेवण बरं असणार. तिसऱ्याला दोन ट्रक दिसले, चौथ्याला तीन. महिन्याभरात डावीकडच्या ढाब्याला ट्रक लावायला जागा पुरेना आणि उजवीकडचा मालक माशा मारतोय. चवीचा यात काही संबंध नाही. पहिला ट्रक कुठे थांबला याचा आहे.

फोनवर ‘जळगावजवळ पाहण्यासारखं’ असं विचारलं की असंच होतं, फक्त वेग हजारपट. शेकडो जागांतून चार-पाच निवडून तळहाताएवढ्या पडद्यावर मांडायच्या असतात. त्यासाठी प्रोग्रॅम मोजदाद करतो: किती जणांनी अभिप्राय लिहिले, किती तारे दिले, किती फोटो टाकले, किती जणांनी रस्ता विचारला. वरच्या जागा दिसतात. दिसतात म्हणून लोक जातात. गेलेले पुन्हा तारे देतात. तीन अभिप्राय आणि पाच तारे असलेली जागा खालीच राहते, हजारो अभिप्राय आणि साडेचार तारे असलेली वर. यात यंत्राचं तसं चुकत नाही. तीन अभिप्राय मालकाच्या मेव्हण्यांचेही असू शकतात! पण परिणाम असा की अभिप्राय नाहीत म्हणून कोणी जात नाही आणि कोणी जात नाही म्हणून अभिप्राय नाहीत. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, थाळनेरच्या फारुकी राजांच्या कबरी, बळसाण्याची जुनी मंदिरं ही सगळी या कोंडीत सापडलेली आहेत. लळिंगचा किल्ला तर मुंबई-आग्रा महामार्गाच्या काठावर उभा आहे आणि तरी गाड्या त्याच्याखालून सुसाट जातात.

अजिंठ्याला मोठं केलं ते फोनने नव्हे. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या नादात वाघूरच्या दरीत पोचला, तेव्हापासून या लेण्यांची कीर्ती वाढतेच आहे, आणि १९८३ साली ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली. फोनने उताराला आणखी उतार दिला, एवढंच. पण तो उतार चित्रांना सोसत नाही. माणूस श्वास सोडतो तेव्हा वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बंद, अंधाऱ्या विहारात शे-दीडशे माणसं एकदम उभी राहिली की दमटपणा चढतो, आणि माती, भुसा, चुना यांच्या लेपावर दीड-दोन हजार वर्षं टिकून राहिलेल्या रंगांना तो बाधतो. म्हणून १, २, १६, १७ या चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. पर्यटक पांगवणं हे खान्देशच्या चार पैशांसाठी जितकं, तितकंच अजिंठ्याच्या पद्मपाणीच्या चित्रासाठीही आहे.

एक गंमत सांगायची राहिली. अजिंठ्याच्या दरीतून वाहणारी वाघूर पुढे खान्देशात उतरते आणि तापीला मिळते. तिच्यावरच्या धरणातून जळगाव शहराला पाणी मिळतं. अजिंठ्याचं पाणी जळगावकर रोज पितात. अजिंठ्याचा पर्यटक मात्र वाघूरच्या वाटेने येत नाही, तो आल्या पावली परत जातो.

पांझरेवरचा फड

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर धुळे जिल्ह्यातल्या फड पद्धतीकडे जाऊ. पर्यटक पांगवण्याचं तंत्र समजून घ्यायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

पांझरा आणि तिच्यासारख्या नद्यांवर तीनेकशे वर्षांपासून लहान लहान बंधारे आहेत. बंधाऱ्यात अडलेलं पाणी पाटाने शेतांकडे येतं. पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे पाडलेले असतात, एकेक तुकडा म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दरवर्षी फडांची पिकं फिरवायची. पाणी कमी असलं तर यंदा कोणते फड भिजवायचे हे गाव मिळून ठरवतं, आणि कमी पाण्याची झळ सगळ्यांना सारखी बसते. पाणी सोडायला पाटकरी असतो. कुणी आपल्या मनाने बारं, म्हणजे शेताकडे पाणी सोडायचं तोंड, फोडायचं नाही. पाटकरी सोडेल तेव्हा, सोडेल तेवढं. त्याच्यावर देखरेखीला हवालदार, राखणीला जागले.

आजच्या कालव्यांवर ‘टेलला पाणी पोचत नाही’ ही तक्रार प्रत्येक शेतकऱ्याला पाठ आहे. वरचा मोटर लावून ओढून घेतो, शेवटचा कोरडा राहतो. पर्यटनातही अजिंठा-वेरूळ हे हेडवर आहेत आणि साक्री, शिरपूर, चोपडा, चाळीसगाव हे टेलवर. पाणी नाही अशी स्थिती नाही, ते पुढे सरकत नाही इतकंच. फोनकडून पाटकऱ्याचं काम करून घ्यायचं तर पाटकऱ्याला जे जे लागतं ते सगळं फोनला पुरवावं लागेल: पाणी किती आलं ते, शेत नेमकं कुठे आहे ते, बारं कधी उघडायचं ते, आणि कोणत्या शेताला किती झेपतं ते.

पाणी किती आलं?

गर्दी मोजायचे तीन मार्ग आहेत.

पहिला अगदी साधा, म्हणजे तिकीट. अजिंठ्याला तर व्यवस्थेनेच एक मोजपट्टी करून ठेवली आहे. फर्दापूरच्या टी-पॉइंटला आपली गाडी लावायची आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर तिथल्या बसनेच जायचं. म्हणजे सगळा लोंढा एकाच अरुंद मोरीतून जातो. कुठल्या तासाला किती बसा सुटल्या आणि किती क्यूआर तिकिटं वाचली गेली, एवढं कळलं तरी आत किती माणसं आहेत याचा अंदाज दर पंधरा मिनिटांनी बांधता येतो. त्यासाठी कुणाच्या फोनमध्ये डोकावायची गरज नाही.

दुसरा मार्ग मोबाइल टॉवरचा. फोन खिशात गप्प असला तरी जवळच्या टॉवरला अधूनमधून ‘मी इथे आहे’ असं कळवत असतो, नाहीतर फोन आला की वाजवायचा कुठे हे कंपनीला कळलंच नसतं. शिरपूरच्या पुढे पळासनेरची सीमा ओलांडली की फोन टुणकन वाजतो आणि मध्य प्रदेशात स्वागत झाल्याचा मेसेज येतो, तो याच हजेरीमुळे. या हजेऱ्यांची नावं-नंबर काढून टाकून नुसती बेरीज केली तर कुठल्या भागात बाहेरगावचे किती फोन आले ते कळतं. एस्टोनिया या छोट्या देशाच्या मध्यवर्ती बँकेने प्रवासाची आकडेवारी अशीच काढली. पण टॉवरची नजर जाडीभरडी असते. शहरात त्याचा पल्ला अर्धा-एक किलोमीटर, सातपुड्याच्या पायथ्याला कितीतरी जास्त. माणूस मंदिरात आहे की मंदिराबाहेरच्या भज्यांच्या गाडीवर, हे त्याला कळत नाही.

तिसरा मार्ग उपग्रहांचा, तो थोडा सावकाश पाहू. जीपीएसचे उपग्रह वीस हजारांहून जास्त किलोमीटर उंचीवरून सतत एकच गोष्ट सांगत असतात: ‘मी अमुक, आत्ता मी इथे आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले.’ हा निरोप फोनपर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा हिस्सा लागतो. किती उशिरा आला यावरून उपग्रह किती लांब ते निघतं. एका उपग्रहापासूनचं अंतर कळलं की आपण त्याच्याभोवतीच्या एका अवाढव्य गोलावर कुठेतरी आहोत. दुसरा गोल पहिल्याला वर्तुळात छेदतो, तिसरा त्या वर्तुळाला दोन बिंदूंत, आणि त्यातला एक बिंदू अंतराळात असल्याने सोडून देता येतो. चौथा उपग्रह लागतो तो फोनच्या स्वस्तातल्या घड्याळाची चूक काढायला, कारण सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्श्याची चूक झाली तर जागा तीनशे मीटरने हुकते. या सगळ्यात इंटरनेट कुठेही लागत नाही. फोन फक्त ऐकतो. नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर रेंज गेलेल्या दरीतही निळा ठिपका चालत राहतो.

गोलांच्या छेदाचं हे गणित चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला बसून करावं अशी माझी फार इच्छा आहे. तिथे सापडलेला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. यादवांच्या दरबारातला ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, असं तो शिलालेख सांगतो. त्या ग्रंथांतला एक भाग गोलाध्याय.

असो. ज्यांनी आपलं स्थान कळवायला होकार दिला आहे, अशांच्या ठिपक्यांची बेरीज करून गूगल मॅप्स एखाद्या जागेची ‘गर्दीची वेळ’ छोट्या उभ्या पट्ट्यांत दाखवतं. ती दिसते पुरेशी माणसं मोजली गेली तरच. म्हणजे पुन्हा तीच कोंडी: जिथे गर्दी नाही तिथे ‘इथे गर्दी नाही’ हे सांगायला आकडेच नसतात. निवांत जागेचा निवांतपणा हा तिचा सगळ्यात मोठा गुण, आणि नेमका तोच फोनला दिसत नाही. तिथे माणसानेच लिहायला हवं.

मोजणीचा एक नियम मात्र पक्का हवा. यात्रेला किती लोक आले हे नारळ किती फुटले त्यावरून सांगता येतं, कुणी फोडला हे लिहून ठेवावं लागत नाही. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर ही केवळ सभ्यतेची गोष्ट राहिलेली नाही.

खूण चुकली की वाट चुकली

आता शेत कुठे आहे ते. रोमन अक्षरांत पाटणा लिहून बघा. फोन तुम्हाला बिहारला घेऊन जाईल, हजाराहून जास्त किलोमीटर. ‘पाटणादेवी’ लिहिलं तर बरं. उनपदेवचे गरम पाण्याचे झरे म्हणाल, तर एक उनपदेव चोपडा तालुक्यात अडावदजवळ आणि दुसरं नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याकडे. खुद्द जळगावलाही बुलढाण्यात जळगाव जामोद नावाचं भावंड आहे. माणसाला संदर्भाने कळतं, यंत्राला जास्त वेळा विचारलेलं नाव आधी सुचतं.

नाव बरोबर असलं तरी खूण चुकीच्या जागी असू शकते. पितळखोऱ्याची लेणी पाटणादेवीच्या वरच्या अंगाला, त्याच गौताळा अभयारण्याच्या डोंगरात आहेत. नकाशावर दोन्ही ठिपके एकमेकांना चिकटलेले. ‘जवळची ठिकाणं’ काढताना प्रोग्रॅम बरेचदा सरळ रेषेतलं अंतर मोजतो, आणि मधला उभा कडा त्या रेषेला दिसत नाही. गाडीने जायचं तर औट्रम घाट चढून कन्नडच्या पठारावर जायचं आणि तिथून आत वळायचं. खालून पायवाट आहे, पण ती आजींना सांगायची वाट नव्हे. ठिपका डोंगराच्या मध्यावर न टोचता दारावर टोचला पाहिजे: गाडी जिथे थांबते तिथे, तिकीट जिथे मिळतं तिथे, पायऱ्या जिथून सुरू होतात तिथे.

ही दुरुस्ती फुकट होते आणि गावातलं शाळकरी पोरही ती करू शकतं. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला नकाशा तर जगभरच्या हौशी लोकांनीच भरला आहे. इतर नकाशांतही ‘बदल सुचवा’ ही सोय असते. दार कुठे, पाणी कुठे, संडास कुठे, बसथांब्यापासून चालत किती, आणि कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे. यातली शेवटची माहिती आपल्याकडे सगळ्यात मोलाची.

एसटीचंही तसंच. फलकावर रंगवलेलं वेळापत्रक माणूस वाचतो, फोनला वाचता येत नाही. त्याला ते ठरावीक रकान्यांत लागतं: थांब्याचं नाव, त्याचे अक्षांश-रेखांश, गाडी, वार, वेळ. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या बससेवेने आणि गूगलने २००५च्या सुमारास अशा रकान्यांची एक साधी पद्धत ठरवली आणि आज जगभर अनेक बससेवा तीच वापरतात. चोपड्याहून उनपदेवकडे किती वाजता गाडी आहे हे या रकान्यांत उतरलं नाही, तोवर फोनच्या लेखी ती गाडी धावतच नाही. मग पडद्यावर फक्त टॅक्सी उरते आणि टेलवरचं गाव आणखी लांब जातं.

सांगायचं कधी?

पाटकरी पीक करपल्यावर पाणी सोडत नाही. पर्यटकाला सांगण्याचेही मोजके क्षण असतात. एक, घरून तिकीट काढताना: ‘तुम्ही सोमवार निवडलाय, लेणी बंद असतात.’ दुसरा, आदल्या रात्री हॉटेलात, उद्याचं काय असं घरात चाललेलं असताना. तिसरा, टी-पॉइंटच्या रांगेत: ‘आत्ता तास-दीड तास थांबावं लागेल, दुपारी तीननंतर या.’ रांगेत उभं राहून उन्हात घाम गाळलेल्या माणसाला मात्र ‘दीडशे किलोमीटरवर एक सुंदर किल्ला आहे’ हे सांगून उपयोग नाही. तोवर त्याचा जीव त्या रांगेत अडकलेला असतो, निम्मी रांग सरली की कोणी मागे फिरत नाही.

फोन एखाद्या ठरावीक भागात शिरला की अॅपने आपोआप निरोप दाखवायचा, यालाच अदृश्य कुंपण म्हणता येईल. नकाशावर एक गोल आखायचा, ठिपका आत आला की घंटी. यात मोह फार. २०२३ साली सरकारने आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले होते, आठवतं? तिथे टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनना नंबर न विचारता एकदम हाक मारतो. ती सोय पुरासाठी राखलेली आहे हेच बरं. भरीत महोत्सवाला या म्हणून असा भोंगा वाजू लागला तर खऱ्या पुरात कोणी फोनकडे बघणार नाही.

अॅमस्टरडॅमने यात बरंच करून पाहिलं. तिथे पर्यटकांना जे शहर-कार्ड मिळतं, त्यात चिप असते. कार्डधारक कुठे, कोणत्या वेळी जातात हे एकत्रित पाहून कुठल्या जागा दाटतात आणि कुठल्या रिकाम्या राहतात ते त्यांनी काढलं, आणि एखाद्या ठिकाणी नेहमीपेक्षा जास्त गर्दी असेल तर फोनवर तसं कळवून दुसरं सुचवणारं अॅप चालवलं. त्यांची आणखी एक युक्ती मला जास्त आवडली, ती तंत्रज्ञानाची नाहीच. शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या झांडफोर्टच्या किनाऱ्याला पर्यटकांसाठी ‘अॅमस्टरडॅमचा किनारा’ म्हणायला सुरुवात केली, आणि बाहेरच्या एका मध्ययुगीन गढीला ‘अॅमस्टरडॅमचा किल्ला’. नाव ओळखीचं झालं आणि लांब वाटणारं जवळ आलं. व्हेनिसने उलटी वाट धरली: २५ एप्रिल २०२४पासून ठरावीक दिवशी, दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून सुरुवातीला पाच युरो आणि क्यूआर कोड. पाटावर फळी टाकण्याचा प्रकार. आपल्याकडे फळी टाकायची वेळ क्वचितच येईल. आपलं दुखणं चाऱ्या कोरड्या असण्याचं आहे.

चौकट : फडाची भाषा, फोनची भाषा

बंधारा — जिथे माणसं आपोआप जमतात ती जागा, इथे अजिंठा.
पाण्याची मोजणी — क्यूआर तिकिटं, बसफेऱ्या, नावं पुसलेल्या हजेऱ्यांची बेरीज.
पाट आणि चाऱ्या — रस्ते आणि एसटी, पण फोनला वाचता येईल अशा वेळापत्रकासह.
शेताची हद्द — दारावर टोचलेला अचूक ठिपका आणि एकच ठरलेलं नाव.
बारं उघडणं — निर्णयाच्या क्षणी आलेला निरोप.
फडाची कुवत — त्या जागेला एका दिवशी किती माणसं झेपतात तो आकडा.
टेल — जिथे अजून एकही अभिप्राय नाही ते गाव.

सगळ्यांना एकच सल्ला

समजा टी-पॉइंटला दोनशे गाड्या अडकल्यात आणि अॅपने दोनशेही जणांना सांगितलं, ‘पद्मालय रिकामं आहे.’ काही वेळाने पद्मालयाच्या अरुंद रस्त्यावर दोनशे गाड्या. अॅप मग म्हणणार, ‘पद्मालयाला गर्दी आहे, अजिंठा रिकामा झाला.’ लोंढा पुन्हा मागे. बादलीतलं पाणी हिंदकळावं तसं हे चालू राहतं, कारण सल्ला देणाऱ्याने सल्ल्याचाच परिणाम मोजणीत धरलेला नाही. पंगतीत सगळ्या वाढप्यांनी एकाच पानावर भात वाढावा तसं.

म्हणून चांगला प्रोग्रॅम दोन गोष्टी करतो. एक, प्रत्येक जागेच्या कुवतीचा आकडा मनात ठेवतो आणि जितक्यांना तिकडे पाठवलं तितके त्यातून आधीच वजा करतो, ते अजून रस्त्यात असले तरी. दोन, वेगवेगळ्यांना वेगवेगळं सुचवतो. दहा जणांना पद्मालय, दहांना चांगदेव, दहांना पारोळ्याचा किल्ला, दहांना काहीच नाही, आपलं चहा पीत थांबा. कुवतीचा आकडा मात्र यंत्र काढू शकत नाही. तो ग्रामपंचायतीने, वनखात्याने, देवस्थानाने सांगायचा. साक्री तालुक्यातल्या आलालदरीच्या धबधब्यावर पावसाळ्यातल्या रविवारी किती माणसं सुखरूप उभी राहू शकतात हे तिथल्या माणसालाच कळतं. पाल आणि यावलच्या जंगलात तर काही दिवशी योग्य आकडा शून्यही असेल, आणि तो फोनवर शून्यच दिसला पाहिजे.

वारही विसरून चालत नाही. अमळनेरला साने गुरुजी जिथे शिकवत ती शाळा पाहायची असेल, तर मंगळवार टाळावा. त्या दिवशी मंगळग्रह मंदिरामुळे गावात पाय ठेवायला जागा नसते. म्हणजे अजिंठ्यातून मंगळवारी माणसं कमी करायची तर ती अमळनेरला पाठवणं हा आगीतून फुफाट्यात टाकण्याचा प्रकार. असल्या खाचाखोचा तारे मोजून कधीच कळत नाहीत.

त्या कळतात काळी-पिवळीवाल्याला. स्टेशनबाहेरच्या त्या कुटुंबाने ‘आज बंद’ ऐकून लगेच पाठ फिरवली नसती, तर त्याने तीन प्रश्न विचारले असते. आजींना पायऱ्या चढवतात का? परतीची गाडी कितीची, आणि जळगावहूनच का? दुपारी पोरं काय खातील? गुडघे दुखत असतील तर चांगदेव, मंदिर सपाटीला आहे. गाडी संध्याकाळची असेल तर पद्मालय आणि परत. दोन दिवस हातात असतील तर चाळीसगाव गाठा: पाटणादेवी बघा, आणि स्टेशनजवळ केकी मूस नावाच्या अवलियाचं घर. छायाचित्रकार होता, पन्नासेक वर्षं त्या घरातून जवळपास बाहेरच पडला नाही. रात्रीच्या पंजाब मेलने कुणीतरी यायचं होतं, म्हणून तो वाट बघत राहिला असं सांगतात.

अॅप बनवणाऱ्यांनी पहिल्या पडद्यावर हे तीन प्रश्न टाकावेत. सध्या तिथे एकच असतो: ‘तुमचं लोकेशन वापरू का?’